मॅप बीची शेहेचाळीस नावं

त्या जानेवारीत आमच्या घरात दोनच विषय होते, मॅप ए आणि मॅप बी. भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगायलासुद्धा मध्ये फट मिळायची नाही.

आमच्या अल्फारेटात, अमेरिकेत, नवीन हायस्कूल उघडणार होतं, दोन हजार चारच्या ऑगस्टमध्ये. इमारतीवर छप्पर चढलं होतं, नाव अजून ठरलं नव्हतं. आमच्या लॉरेल ब्रिज हायस्कूलमध्ये मुलं इतकी झाली होती की मागच्या पार्किंग लॉटमध्ये ट्रेलर उभे करून त्यात वर्ग भरायचे. माझा केमिस्ट्रीचा वर्ग ट्रेलर नंबर नऊमध्ये. तिथे कोणी जोरात चाललं की टेस्ट ट्यूब हलायच्या. तर इथून नऊशे मुलं उचलून तिकडे न्यायची एवढं काउंटीचं, म्हणजे शाळा चालवणाऱ्या जिल्ह्याचं, पक्कं होतं. कोणती नऊशे, तेवढं ठरायचं होतं.

इथे सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून मिळते, म्हणून हे दोन नकाशे. मॅप एमध्ये हद्द ओढ्यावरून जात होती, म्हणजे आमची सबडिव्हिजन, घरांची सगळी वसाहतच, नव्या शाळेत. मॅप बीमध्ये हद्द ओल्ड मिल रोडवरून जात होती, म्हणजे आम्ही जुन्याच शाळेत आणि रस्त्यापलीकडची अपार्टमेंट्स नव्या शाळेत. बारावीला जाणाऱ्यांना सूट होती. मी अकरावीला जाणार होते, म्हणजे मला नाही.

बाबांनी हे घर शाळा बघून घेतलं होतं. अगदी खरं सांगते, आधी शाळा पसंत केली, मग नकाशावर तिच्याभोवती पेन्सिलीनं गोल काढला आणि त्या गोलात घर शोधलं. त्यामुळे हद्द बदलणार म्हटल्यावर त्यांना कोणीतरी फसवल्यासारखं वाटत होतं.

"नव्या शाळेचं रेकॉर्ड काय? शून्य," ते आईला म्हणायचे. "कॉलेजवाले काय बघणार, सांग ना मालिनी."

"मुलीला बघतील," आई म्हणायची. "नव्या लॅब आहेत, नवीन लायब्ररी आहे. ट्रेलरमध्ये तरी बसावं लागणार नाही. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, विवेक."

"दोनच वर्षं महत्त्वाची असतात."

ह्यात मी बाबांच्या बाजूची. कारण सांगते. नववीत मी अशी मुलगी होते की वर्गात प्रेझेंटेशन असलं की माझ्या पोटात दुखायचं, आणि ते खरंच दुखायचं. मग दहावीत एका मैत्रिणीच्या नादानं डिबेटच्या ट्रायआउटला गेले आणि काय झालं कोण जाणे. नोव्हेंबरमध्ये टूर्नामेंटला दुसरी आले. डिसेंबरमध्ये टीमची व्हाइस कॅप्टन झाले. माझं तोंड एकदा उघडलं ते परत मिटलंच नाही, असं आई म्हणते. अशी शाळा सोडून, जिथे डिबेट टीमच नाही अशा बिननावाच्या इमारतीत कोण जाणार? मी तरी नाही.

ज्या मैत्रिणीच्या नादानं गेले ती इला. राहायची ओल्ड मिल रोडच्या पलीकडे, अपार्टमेंटमध्ये.

इलाचे बाबा, श्रीराम काका, कॉन्ट्रॅक्टवर काम करायचे. प्रोजेक्ट संपला की गाव बदलायचं. सातवी ट्रॉयला, आठवी बेलव्ह्यूला, नववी परत ट्रॉयला अर्धी आणि आमच्याकडे अर्धी. गेल्या जुलैत काकांचा इथला प्रोजेक्ट संपला, पुढचा पुन्हा ट्रॉयला. तेव्हा सुलभा मावशी, म्हणजे इलाची आई, म्हणाल्या, तुम्ही जा. मुलगी हायस्कूल संपवेपर्यंत मी हलणार नाही. आमच्यातल्या बायका ह्यावर पुष्कळ बोलल्या. काका तिकडे दोन बॅचलर मुलांबरोबर राहायला लागले, महिन्यातून एकदा यायचे. मावशींना ड्राइव्ह करता येत नव्हतं. दूध आणायलासुद्धा त्या चार लेनचा रस्ता चालत ओलांडायच्या. हे सगळं एका शाळेसाठी.

आणि मॅप बी त्या शाळेतून इलालाच उचलत होता. मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. नकाशा माझ्या घरात फ्रिजवर लावला होता. पण इला आणि मी ह्या विषयावर बोलायचोच नाही. हे ठरवणाऱ्या स्कूल बोर्डावर हुशार लोक असतात, ते काहीतरी तिसरं काढतील, असं मी स्वतःला सांगून ठेवलं होतं.

आता पिटिशनचं. महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष गिरीश काका आमच्याच गल्लीत राहायचे. त्यांची एक पद्धत सगळ्यांना माहीत आहे. गणपतीचा महाप्रसाद असो, पिकनिक असो, ते यादी घेऊन बसतात आणि नावं लिहून मोकळे होतात. मग देवळात भेटले की सांगतात, "तुमचे चार धरलेत हं." आजपर्यंत कोणी नको म्हटलेलं नाही. लोकांना उलट बरंच वाटतं, आपल्याला धरलं म्हणून.

बाबांनी मॅप बीसाठी पिटिशन लिहिलं. दारोदार फिरून एकशे एकेचाळीस जणांची नावं मिळवली, त्यात अमेरिकन होते, चिनी होते, कोरियन होते. मग एका शनिवारी गिरीश काका मंडळाची दिवाळीची यादी घेऊन आले.

"आपली शेहेचाळीस घरं आहेत ह्या भागात," ते म्हणाले. "टाक सगळी."

"विचारायला हवं ना," बाबा म्हणाले.

"अरे, आपल्यात कोण नाही म्हणणारे? मी करतो एकेकाला फोन. ज्ञानदा, तुझा टायपिंगचा स्पीड काय गं?"

"मिनिटाला सत्तर शब्द," मी म्हणाले, आणि मान अशी ताठ केली की विचारू नका.

नाव, पत्ता, मुलं किती. शेहेचाळीस ओळी मी वीस मिनिटांत टाईप केल्या. एकशे बहात्तर नंबरला सुलभा टिपणीस आल्या. बोटं चालली होती, मी थांबले नाही. एकूण झाली एकशे सत्त्याऐंशी. शुक्रवारी बाबांनी ते पिटिशन काउंटीच्या ऑफिसात नेऊन दिलं.

मंगळवारी काउंटीनं लोकांनी पाठवलेलं सगळं वेबसाइटवर टाकलं.

लंचला इला माझ्यासमोर येऊन बसली. ट्रे नव्हता, नुसता एक कागद होता, लायब्ररीतून प्रिंट काढलेला.

"हे तू टाईप केलंस?"

मी बघितलं. "हो."

"माझ्या आईला विचारलंत तुम्ही?"

"गिरीश काका फोन करणार होते."

"नाही केला."

"इला, मंडळाचं तर नेहमीच असं..."

"ऐक ना," ती म्हणाली. ती चिडली की आवाज चढवत नाही, उलट उतरवते, डिबेटमध्ये समोरच्याची त्यामुळेच वाट लागते. "तुझे बाबा मॅप बी मागतायत, ओके. तुझ्यासाठी मागणारच. मी त्यांच्या जागी असते तर मीपण मागितला असता. पण मला शाळेतून काढा असं माझ्या आईच्या नावानं का लिहिलंत?"

मी मिनिटाला सत्तर शब्द टाईप करणारी, गेल्या महिन्यात साडेसात मिनिटं न थांबता बोललेली. मी नुसती त्या कागदावरची ओळ परत परत वाचत बसले. ती कागद तिथेच ठेवून गेली.

संध्याकाळी बाबा आणि गिरीश काका किचन टेबलशी बसून गुरुवारच्या सभेची तयारी करत होते. बोर्डासमोर वीस जणांना बोलायला मिळणार होतं, प्रत्येकी दोन मिनिटं. गिरीश काकांनी यादी उघडल्यावर पहिल्याच तासात आमच्या सात जणांची नावं लावली होती, त्यात मी. विद्यार्थ्यांचा आवाज म्हणून. भाषण बाबांनी लिहिलं होतं. बेल वाजली. आईनं दार उघडलं तर सुलभा मावशी. स्वेटरवर शाल, बुटांना चिखल, हातात तोच कागद.

"या ना वहिनी," गिरीश काका म्हणाले. "वेळेवर आलात. चहा होतोच आहे."

"चहा नको. विवेकभाऊजी, ह्यात माझं नाव कोणी घातलं?"

बाबांनी कागद घेतला, बघितला, चष्मा काढला. "सरसकट यादी घेतली गेली, वहिनी. लक्षात आलं नाही. चूक झाली."

"मग काढा."

बाबांनी गिरीश काकांकडे बघितलं.

"आता ते सबमिट झालंय ना," काका म्हणाले. "काढायचं तर बोर्डासमोर उभं राहून सांगावं लागेल. आणि एक नाव खोटं आहे म्हटलं की बाकीच्या एकशे शहाऐंशींकडे कोण बघणार?"

"खोटं हा शब्द मी वापरला नाही," मावशी म्हणाल्या. "तुम्ही वापरलात."

"वहिनी, तुम्ही मनाला लावून घेताय. तुमचं काय आहे, लीज आहे. उद्या श्रीरामचा प्रोजेक्ट बदलला की तुम्ही चाललात. आमची घरं आहेत इथे."

आईनं गॅस बंद केला. चहा अर्धवटच राहिला. "गिरीशभाऊजी, पुरे," ती म्हणाली.

"बोलू दे त्यांना," मावशी म्हणाल्या. "मला जायचं असतं तर जुलैतच गेले असते. नवरा तिकडे डबे खातोय, मी इथे. ते काय लीज आहे म्हणून?" मग बाबांकडे वळून, "गुरुवारी मी येते. माझं मी सांगते."

बाबा खाली बघत म्हणाले, "बोलणाऱ्यांची यादी सोमवारी बंद झाली, वहिनी. वीसच्या वीस भरले."

मावशींनी कागदाची घडी घातली, परत एक घडी घातली. दाराशी मी उभी होते.

"टाईप तू केलंस का गं?"

"हो, मावशी."

"छान केलंस. आमचं आडनाव इथे सहसा कोणी बरोबर लिहीत नाही."

त्या गेल्या. खिडकीतून मला दिसत होतं, रस्त्याच्या कडेला त्या गाड्या थांबायची वाट बघत उभ्या होत्या, बराच वेळ.

बुधवारी मी बाबांना म्हटलं, भाषणातली तिसरी ओळ काढू या. ती ओळ अशी होती की ओल्ड मिल रोडच्या दोन्ही बाजूंच्या एकशे सत्त्याऐंशी कुटुंबांच्या वतीनं मी बोलते आहे.

"एक ओळ आहे गं," बाबा म्हणाले.

"खोटी आहे."

"अर्धी खरी आहे. वहिनींचं मी सभा झाल्यावर बोर्डाला पत्र लिहून कळवीन. शब्द देतो."

"सभा झाल्यावर काय उपयोग?"

"ज्ञानू, हे मी कोणासाठी करतोय?"

"माझ्यासाठी."

"मग?"

दीड महिना हा माणूस ऑफिसातून आला की टाय न सोडता लोकांची दारं वाजवत होता. एका घरी कुत्रा अंगावर आला, पॅन्ट फाटली, तरी पुढचं घर घेतलं. मी खोलीत गेले आणि भाषण पाठ केलं. सगळं, तिसऱ्या ओळीसकट.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता आमच्याच शाळेच्या कॅफेटेरियात सभा होती. खुर्च्या संपल्या म्हणून लोक व्हेंडिंग मशीनला टेकून उभे होते. मॅप एवाले लाल शर्टात, मॅप बीवाले पिवळ्या. माझ्या अंगावर पिवळा. स्टेजवर बोर्डाचे सात जण आणि समोर माइकपाशी एक छोटा दिवा, हिरवा, मग पिवळा, मग लाल. लाल झाला की बसायचं.

एक लाल शर्टवाले गृहस्थ म्हणाले की अपार्टमेंटची मुलं चालत शाळेत येतात, त्यांना अकरा मैल लांब कशाला पाठवता. आमच्या बाजूच्या एक बाई म्हणाल्या की आम्ही ह्या शाळेला पंधरा वर्षं दिली. मागून कोणीतरी ओरडलं, "शाळा तुमच्या मालकीची आहे का?" मग दोन मिनिटं नुसता आरडाओरडा. अध्यक्ष बाईंनी लाकडी हातोडा आपटला.

इला आणि मावशी शेवटच्या रांगेत, भिंतीला लागून. त्यांच्या अंगावर कुठलाच रंग नव्हता.

माझा नंबर चौदावा. नाव पुकारलं ते अर्थातच चुकीचं पुकारलं, मी उठले. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "सावकाश बोल," ते म्हणाले.

पहिल्या दोन ओळी मी बोलले. नाव, इयत्ता, डिबेट टीम. दिवा हिरवा. तिसरी ओळ जिभेवर होती, मला ती दिसतसुद्धा होती, बाबांच्या अक्षरात. मी थांबले. कॅफेटेरियात कोणीतरी खोकलं.

"मला ही शाळा सोडायची नाही," मी म्हणाले. "मला मॅप बीच हवा आहे. पण तुमच्याकडे जे पिटिशन आहे त्यातली शेवटची शेहेचाळीस नावं मी टाईप केली, आणि त्यातल्या काही जणांना कोणी विचारलेलं नाही. एकशे बहात्तर नंबरवर ज्या बाई आहेत त्यांना मॅप बी नको आहे. त्यांची मुलगी तीन वर्षांत तीन शाळा बदलून इथे आली. ती इथे राहावी म्हणून त्यांच्या घरातली माणसं दोन गावांत राहतात. त्यांना आज बोलायला नंबर मिळाला नाही, कारण वीसपैकी सात नंबर आम्ही घेतले. म्हणून त्यांचं मी सांगते. त्यांचं नाव काढा."

दिवा पिवळा झाला, लाल झाला, मी बोलतच होते. अध्यक्ष बाईंनी मला थांबवलं नाही. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी कागद चाळले.

"कितीजणांना विचारलेलं नाही?"

"मला माहीत नाही."

"पिटिशन देणारे इथे आहेत का?"

मी मागे बघितलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गिरीश काका मराठीत, दबक्या आवाजात म्हणाले, "विवेक, खाली बस. गैरसमज म्हण आणि बस." जवळपासच्या सगळ्यांना ऐकू गेलं, फक्त समजलं आम्हालाच.

बाबा उभे होते. आता मी बघितलं. एका हातानं त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली होती.

"पिटिशन माझं आहे," ते म्हणाले. त्यांचं इंग्लिश ऑफिसात एकदम छान असतं, तिथे ते अडखळलं. "शेहेचाळीसपैकी बारा जणांना फोन झाला होता. चौतीस काढा. बाकीच्या घरांत मी स्वतः गेलो होतो. ती खरी आहेत."

"सगळी?"

"सगळी. हवं तर विचारून बघा."

आमच्या बाजूचे पिवळे शर्ट हलले, कुजबुजले. एक बाई उठून निघून गेल्या. अध्यक्ष बाईंनी पेननं काहीतरी लिहिलं आणि पंधरावा नंबर पुकारला.

गाडी आई चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर बाबा म्हणाले, "मला आधी सांगायचंस."

"सांगितलं होतं."

"ओळ काढ म्हणालीस. उभी राहून हे बोलणार आहेस हे नाही सांगितलंस."

"मलाच माहीत नव्हतं. आणि सांगितलं असतं तर मला नेलं असतंत का?"

बाबांनी विचार केला. "नसतं नेलं," ते म्हणाले.

नंतरचे तीन आठवडे वाईट गेले, उगाच गोड करून सांगत नाही. गिरीश काका गल्लीत दिसले की गाडीची काच वर करायचे. एका हळदीकुंकवाला एक काकू आईला म्हणाल्या, मुलीला फार बोलायला शिकवलंत. आई म्हणाली, हो, फी भरून शिकवलंय. बाबा माझ्याशी कामापुरतं बोलायचे. डिशवॉशर लाव. जॅकेट घाल. शाळेत मॅप बीवाल्यांच्या मुलांनी माझ्या लॉकरवर पिवळा कागद चिकटवला, त्यावर एकच शब्द होता, तो मी इथे लिहीत नाही. इलानं तो नखांनी खरवडून काढला. आम्ही परत बोलायला लागलो होतो, पण पूर्वीसारखं भसाभसा नाही.

मतदान फेब्रुवारीत झालं. मला वाटलं होतं बाबा येणार नाहीत. ते ऑफिसातून थेट आले आणि माझ्या शेजारी बसले. बोर्डाच्या लोकांनी एकेक करून सांगितलं. मॅप ए. मॅप ए. मॅप बी. मॅप ए. पाच विरुद्ध दोन. पिटिशनमुळे, अकरा मैलांमुळे की आणखी कशामुळे, हे कोणी सांगितलं नाही. लाल शर्टवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कानात मात्र एकच गोष्ट वाजत होती. ऑगस्टमध्ये मी इथे नसणार.

बाबा उठले. मला वाटलं बाहेर जातायत, पण ते शेवटच्या रांगेकडे गेले, आणि मी मागोमाग. सुलभा मावशी उभ्या राहिल्या.

"इला राहिली," बाबा म्हणाले.

"हो."

"बरं झालं." हे म्हणायला त्यांना वेळ लागला, पण म्हणाले. "तुम्हाला त्रास झाला, वहिनी. तो मी दिला."

मावशींनी मान हलवली, नाही म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून. मग माझ्याकडे बघून विचारलं, "आणि ही?"

"ही जाईल," बाबा म्हणाले. "तिकडे डिबेट टीम नाहीये. काय येतंय त्यांच्याकडे, त्यांना कल्पना नाही."

तीन आठवड्यांत ते पहिल्यांदा माझ्याबद्दल असं काही बोलले. मला काहीतरी झकास उत्तर द्यायचं होतं. पण इलानं माझं मनगट धरलं होतं, आणि सोडत नव्हती.